शब्दांचे श्रमदान



आपला नगर जिल्हा, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, तो श्रमदानाचा जिल्हा म्हणून महाराष्ट्रभर ओळखला जातो. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातील हिवरे बाजार ही नावे कोणाला सांगावी लागत नाहीत. डोंगरउतारावर फक्कीने रेघा मारायच्या, प्रत्येकाला ठराविक लांबीचा चर वाटून द्यायचा आणि सगळ्यांनी मिळून पाणी अडवायचे, ही रीत येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे.

आपल्या समाजालाही स्वयंसेवा नवी नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभापाशी पाणी वाटणारे, रांगा लावणारे, चुकलेली मुले आईबापांपर्यंत पोहोचविणारे कार्यकर्ते एक पैसाही घेत नाहीत. आज ज्या कामाविषयी लिहीत आहे तेही श्रमदानच आहे. मात्र त्याला फावडे लागत नाही. लिहिता-वाचता येणारा माणूस लागतो आणि आठवड्याचे दोन तास लागतात. ते काम म्हणजे संगणकावरील मुक्त सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका आणि त्याचे संकेतस्थळ मराठीत आणणे व सुधारणे.

"याचा आपल्या समाजाशी काय संबंध?" असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. कसा, ते सविस्तर पाहू.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय?

संगणकाला काम करावयास लावणाऱ्या आज्ञांचा संच म्हणजे सॉफ्टवेअर. बहुतेक कंपन्या हा संच कुलपात ठेवतात. तुम्ही पैसे भरून तो वापरू शकता. परंतु आत काय आहे ते पाहू शकत नाही, बदलू शकत नाही आणि शेजाऱ्याला देऊ शकत नाही. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी याविरुद्ध भूमिका घेतली. सॉफ्टवेअर वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य सर्वांना असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा तयार केला आणि जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. पुढे 'ओपन सोर्स' हे नावही रूढ झाले.

आपल्या रोजच्या उपयोगाचे उदाहरण म्हणजे लिबरऑफिस. पत्र टाइप करणे, हिशेबाचे तक्ते मांडणे, सभेसाठी सादरीकरणे तयार करणे ही सर्व कामे त्यावर होतात व त्यासाठी काहीही किंमत द्यावी लागत नाही. याचा इतिहास बोधप्रद आहे. सन या कंपनीने २००० साली आपल्या ऑफिस सॉफ्टवेअरच्या आज्ञा खुल्या केल्या आणि 'ओपनऑफिस' सुरू झाले. २०१० साली ओरॅकल कंपनीने सन विकत घेतली. आपल्या कामाचे पुढे काय होणार, ही चिंता स्वयंसेवकांना वाटू लागली. तेव्हा त्यांतील अनेकांनी एकत्र येऊन २८ सप्टेंबर २०१० रोजी लिबरऑफिस हा स्वतंत्र संसार थाटला. मालक बदलला तरी काम बुडाले नाही, कारण ते लोकांच्या हातात होते.

कागदावर खुले, प्रत्यक्षात दूर

येथे महाडचा इतिहास आठवतो. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला ठराव १९२३ साली मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु ठरावाने कोणाची तहान भागली नाही. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब हजारो लोकांसह चालत चवदार तळ्यावर गेले, तेव्हाच ओंजळीत पाणी आले.

महाडचा अन्याय आणि संगणकाची अडचण एका तराजूत घालण्याचा माझा हेतू मुळीच नाही. तुलना एवढ्यापुरतीच की, एखादी गोष्ट 'सर्वांना खुली' असल्याचे जाहीर होणे वेगळे आणि ती सर्वांपर्यंत पोहोचणे वेगळे. मधले अंतर संघटित माणसांनाच चालावे लागते.

आपल्या वस्तीतील चित्र डोळ्यांसमोर आणा. विहारालगतच्या अभ्यासिकेत कोण्या कचेरीने काढून टाकलेला एक जुना संगणक येतो. त्यावर कोणीतरी चोरीच्या प्रतीचे सॉफ्टवेअर चढवून देते. त्याला नवीन सुधारणा मिळत नाहीत, विषाणू शिरतात, एक दिवस संगणक बंद पडतो आणि मुलांनी केलेले अर्ज, बायोडेटा, मंडळाचा जमाखर्च सारे त्याबरोबर जाते. मग एखादा जाणता तरुण मुक्त सॉफ्टवेअर बसवून देतो. लिबरऑफिसचे मेनू मराठीत दिसू शकतात, ही चांगली गोष्ट. परंतु मुलगी कामाला बसते आणि अडते. पानाचा आकार कसा बदलावा? एकच निमंत्रणपत्र शंभर नावांनी कसे छापावे? बचत गटाच्या तक्त्यात व्याज आपोआप कसे मांडावे? याची तपशीलवार पुस्तके आहेत, मोफत आहेत. पण ती मुख्यतः इंग्रजीत आणि युरोपातील भाषांत. मुलगी अर्धा तास झगडते, कंटाळते आणि शेवटी म्हणते, "जुनंच बरं होतं."

या मुलीची हार कोणाच्या नजरेस येत नाही. परंतु एमएस-सीआयटीसारखा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाल्यापासून संगणक हा नोकरीच्या दारातला पहिला उंबरठा झाला आहे. शिष्यवृत्तीचा अर्जही आता संगणकावरूनच भरावा लागतो. ज्याच्या घरी शिकवणारे कोणी आहे, तो अडला तरी पुढे जातो. ज्याच्या घरी आईबाप ऊसतोडीला किंवा बांधकामावर गेलेले आहेत, त्याला पुस्तिका हाच गुरू. ती पुस्तिकाच त्याच्या भाषेत नसेल तर त्याने विचारावे कोणाला?

पुस्तिका का राहते?

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला आज्ञा लिहिण्याची गोडी असते, समजावून सांगण्याची असतेच असे नाही. २०१७ साली गिटहब या कंपनीने मुक्त सॉफ्टवेअरशी संबंधित लोकांची एक पाहणी केली. तीत ९३ टक्के लोकांनी सांगितले की, अपुरी किंवा जुनी झालेली माहितीपुस्तिका ही अडचण त्यांना भेडसावते. आणि काम करणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांनी कबूल केले की, पुस्तिकेच्या कामाला ते क्वचितच हात लावतात किंवा लावतच नाहीत. म्हणजे दुखणे सर्वांना माहीत, पण औषध उगाळायला कोणी बसत नाही. त्याच पाहणीत उत्तर देणाऱ्यांमध्ये स्त्रिया केवळ ३ टक्के होत्या, हेही आपल्या भगिनींनी ध्यानात घ्यावे.

यातून एक आशेची गोष्ट निघते. जेथे तज्ज्ञ पोहोचत नाहीत तेथेच आपल्याला जागा आहे. पुस्तिका लिहायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. उलट जो नुकताच शिकला आहे, जो कालच अडला होता, तोच नेमके सांगू शकतो की वाट कोठे चुकते. पट्टीच्या पोहणाऱ्याला पाण्याची भीती आठवत नसते.

भाषा कोणाची?

मराठीत हे काम अजिबात झालेले नाही असे नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याचे लेख आणि नवख्यांसाठीची मदतीची पाने स्वयंसेवकांनीच लिहिली. २००८ साली पुण्यातील रेड हॅट कंपनीतील अनुवादकांच्या पुढाकाराने 'फ्यूएल' नावाचा उपक्रम सुरू झाला. त्याचे कारण अगदी साधे होते. एकाच इंग्रजी शब्दाला प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळा प्रतिशब्द येई. 'फाइल'ला कोणी धारिका म्हणे, कोणी संचिका. 'सेव्ह'ला कोठे जतन करा, कोठे साठवा. वापरणाऱ्याचा गोंधळ उडे. म्हणून वारंवार लागणाऱ्या शब्दांची यादी करावी, ती लोकांसमोर ठेवावी आणि एकमताने शब्द ठरवावेत, अशी ती पद्धत.

या ठिकाणी आपण गप्प बसता कामा नये. शब्द ठरविताना टेबलाभोवती कोण बसले आहे, यावर भाषेचे रूप ठरते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी तथागतांना विनविले की, आपली वचने वेदांच्या छंदोबद्ध भाषेत घालू द्या, लोक आपापल्या बोलीत ती बिघडवितात. तथागतांनी ते नाकारले आणि लोकांच्या स्वतःच्या बोलीत धम्म शिकण्यास संमती दिली. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा निर्णय आजच्या कामालाही लागू पडतो. 'फाइल' हा शब्द आमच्या आईला कळतो, तर 'फाइल'च लिहावे. बोजड शब्दांनी भाषेचा मान वाढत नाही, फक्त वाचणारा कमी होतो.

भाषेसाठी झटणारी माणसे एकत्र आली तर काय होते, याचे उदाहरण केरळात आहे. २००२ साली 'स्वतंत्र मलयालम कॉम्प्युटिंग' या स्वयंसेवकांच्या गटाचे काम सुरू झाले आणि त्यांनी आपल्या भाषेचे टंक, शब्द व मेनू तयार केले. तेथील सरकारी शाळांतील संगणकही टप्प्याटप्प्याने मुक्त सॉफ्टवेअरवर आले. मजुराच्या मुलाला शाळेत जे शिकविले जाते तेच घरी फुकट बसविता येते, हा त्याचा मोठा लाभ.

वेठ आणि श्रमदान

आता एका कठीण प्रश्नाकडे येतो. कार्यकर्ते मला विचारतील, "आमची पोरं बेकार, आणि त्यांनी फुकट काम करायचं?" हा प्रश्न रास्त आहे. मुक्त सॉफ्टवेअरवर मोठमोठ्या कंपन्या बक्कळ पैसा मिळवितात. २०१९ साली आयबीएमने रेड हॅट ही कंपनी ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. तेव्हा फुकटच्या कामाबद्दल संशय घेणे आपल्या समाजाला तर शोभूनच दिसते. आपण पिढ्यान्पिढ्या फुकट राबलो आहोत. येसकरपाळी केली, सांगावे पोहोचविले, मेलेली ढोरे ओढली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले ते याच गुलामीविरुद्ध. आपल्याच अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांनी १९७८ साली 'बलुतं'मधून ते जिणे जगापुढे ठेवले.

मग वेठ आणि श्रमदान यांत फरक कोणता? वेठीत काम दुसरा ठरवितो. श्रमदानात आपण ठरवितो. वेठीत 'नाही' म्हणता येत नाही. श्रमदान केव्हाही थांबविता येते. वेठीत राबणाऱ्याचे नाव कोठेच नसते. श्रमदानात ते नोंदले जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वेठीचे फळ मालकाच्या घरी जाते, श्रमदानाचे पाणी आपल्याही विहिरीत उतरते. पुस्तिकेचे काम या चारही कसोट्यांवर उतरत असेल तरच करावे. मराठी पुस्तिका तयार झाली तर ती कोणालाही कुलपात घालता येत नाही, तिच्यावर लिहिणाऱ्याचे नाव राहते आणि ती पहिल्या दिवसापासून आपल्याच अभ्यासिकेत उपयोगी पडते. मात्र "यातून नोकरी लागेल" असे आमिष मुलांना कोणी दाखवू नये. केलेले काम दाखविता येते, लिहिण्याची सवय लागते, एवढेच खरे. ज्याची परीक्षा तोंडावर आहे किंवा ज्याच्या मजुरीवर घर चालते, त्याला या कामात ओढूच नये.

काम कसे वाटावे?

उत्साहाने दहा जण जमतात आणि तिसऱ्या आठवड्याला दोनच उरतात, हा आपला सर्वांचा अनुभव. त्याचे कारण बहुधा आळस नसतो. काम नीट आखून दिलेले नसते. म्हणून चराच्या कामासारखी आधी फक्की मारावी.

पहिली गोष्ट, एकच सॉफ्टवेअर आणि त्यातील लोकांना लागणारे बाराच धडे निवडावेत. मराठी टायपिंग कसे सुरू करावे, अर्ज कसा लिहावा, फाइल कोठे ठेवावी व पुन्हा कशी शोधावी, जमाखर्चाचा तक्ता, बचत गटाचे व्याज, नावांच्या यादीवरून निमंत्रणे, कागदाचा आकार व छपाई, अशी यादी करावी. संपूर्ण पुस्तक अंगावर घेतले की ते पडून राहते.

दुसरी गोष्ट, प्रत्येक धड्याला तीन माणसे द्यावीत. एक लिहिणारा, दुसरा ते वाचून संगणकावर जसेच्या तसे करून पाहणारा आणि तिसरा शुद्धलेखन व शब्द तपासणारा. दुसरा माणूस मुद्दाम नवखा निवडावा. तो जेथे अडेल तेथे चूक वाचणाऱ्याची समजू नये. ते वाक्य बदलावे.

तिसरी गोष्ट, एका वहीत शब्दांची यादी ठेवावी. एकदा 'साठवा' ठरले की बाराही धड्यांत 'साठवा'च. मेनूवर जो शब्द दिसतो तोच धड्यात यावा, नाहीतर वाचणारा तो शोधीत बसेल.

चौथी गोष्ट, प्रत्येक पानावर सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांक आणि लिहिल्याची तारीख घालावी. सॉफ्टवेअर बदलते; तारीख नसलेली पुस्तिका काही वर्षांनी फसवू लागते. बाजारातल्या पुस्तकातून उतारे उचलू नयेत. लिबरऑफिसची मूळ पुस्तके मात्र श्रेय देऊन भाषांतरित करण्यास परवानगी आहे.

पाचवी गोष्ट संकेतस्थळाची. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी मोबाइलवर संकेतस्थळाची मराठी पाने उघडून पाहावीत. कोठली जोडणी उघडत नाही, कोठली माहिती जुनी आहे, कोठे अर्धे वाक्य इंग्रजीतच राहिले आहे, कोठली अक्षरे तुटतात, याची यादी करावी. हे कामही लिहिण्याइतकेच मोलाचे आहे.

सहावी गोष्ट, तयार झालेले काम आपल्याच कपाटात ठेवू नये. लिबरऑफिसच्या भाषांतरासाठी 'वेबलेट' नावाची व्यवस्था आहे. तेथे नाव नोंदवून मराठीतील शब्द सुचविता येतात. पुस्तिकेचे धडे त्यांच्या लेखनगटाकडे पाठविता येतात. आपले पाणी मूळ प्रवाहाला मिळाले तरच ते गडचिरोलीच्या व सिंधुदुर्गच्या मुलालाही मिळेल.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे मुदत. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने आपण विहारात एकत्र येतोच. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. रविवारच्या वाचनानंतर दोन तास या कामाला दिले तर तीन महिन्यांत बारा धडे सहज होतात. आश्विन पौर्णिमेला ते छापून अभ्यासिकेत ठेवावेत आणि लिहिणाऱ्यांची, करून पाहणाऱ्यांची, चुका शोधणाऱ्यांची, सर्वांची नावे पहिल्या पानावर घालावीत.

एकाच्या खांद्यावर नको

एक इशारा देऊन आवरते घेतो. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारता'तील बहुतेक मजकूर बाबासाहेबांना स्वतःच लिहावा लागे. कोर्टाची कामे, कॉलेजात शिकविणे, सत्याग्रहाची धावपळ आणि त्यात रकाने भरायचे. १९२९ साली ते पत्र बंद पडले. पैशाची चणचण होती, तशीच लिहिणाऱ्या हातांचीही होती. तेव्हा आपल्यात लिहिणारे थोडे होते. आज प्रत्येक वस्तीत पदवीधर मुले-मुली आहेत. तरीही कोणत्याही मंडळात पाहा, पत्रे लिहिणारा एक, हिशेब ठेवणारा तोच आणि संगणक चालविणाराही तोच. तो आजारी पडला की मंडळ आजारी पडते. पुस्तिकेचा खरा उपयोग येथेच आहे. एका डोक्यात असलेले ज्ञान कागदावर आले की ते दहा जणांचे होते.

तेव्हा आपापल्या विहारात या रविवारी एवढाच प्रश्न विचारावा: संगणकावर मराठीत लिहायला कोणाकोणाला येते, आणि ते दुसऱ्याला समजेल असे एका पानावर कोण उतरवून देईल? जो हात वर करील त्याच्यापासून सुरुवात होईल. पहिले पान झाले की दुसऱ्याला कोणी तरी पुढे येतेच.

जयभीम! नमो बुद्धाय!